ओढ्यापलीकडचा हुरडा

“हुरडा कुणाकडं करायचा?” रावसाहेबांनी विचारलं, आणि मीटिंगला बसलेले आम्ही सगळे तलाठी एकदम आपापल्या चपलांकडं बघायला लागलो.

रावसाहेब म्हणजे आमचे तहसीलदार, बुरगुटे. तहसीलदाराला रावसाहेब म्हणायची आमच्याकडं पद्धत, आणि दर जानेवारीत वरच्या साहेबाला हुरडा खायला घालायची रावसाहेबांची पद्धत. म्हणजे कसं, की शेत शेतकऱ्याचं, कणसं शेतकऱ्याची, दही-गूळ-चटणी-रेवड्या तलाठ्यांच्या, आणि “घ्या ना साहेब, आमच्याकडचा आहे” हे तेवढं रावसाहेबांचं.

“यंदा कलेक्टर मॅडम यायच्यात,” रावसाहेब म्हणाले. “बाई तमिळनाडूच्या. हुरडा त्यांनी जन्मात बघितलेला नाही. बोला, कोण करतंय?”

एकाच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध निघालं. एकाच्या गावात रानडुकरं फार झाली होती. एकजण म्हणाला, आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, मॅडमना त्रास होईल. ते खड्डे दरवर्षी असायचे आणि दरवर्षी त्याच रस्त्यानं साहेब लोक हुरड्याला जायचे.

“हत्तुरे?”

हत्तुरे उभा राहिला. रेवणसिद्ध हत्तुरे. आता या माणसाबद्दल मी काय सांगू? आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्याचा पळसवाडीचा सजा आणि माझा बोरखडीचा सजा, मध्ये एक ओढा. सजा म्हणजे एका तलाठ्याच्या हाताखालची गावं. ऊन तेच, माती तीच, पगार तोच. पण त्याच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकायची आणि माझी बसमध्येच मोडायची. तो गावात शिरला की चहा यायचा. मी शिरलो की लोक विचारायचे, “काय काम काढलं?” माझ्या बायकोनं, शालननं, एकदा मला सहज विचारलं होतं, “हत्तुरे भावोजी कुठलं तेल लावतात हो?” त्या दिवसापासून मी तेल लावायचंच सोडलं.

“रावसाहेब,” हत्तुरे म्हणाला, “माझ्याकडं केला असता, पण पाण्याची जरा अडचण आहे. खडतरे भाऊसाहेबांच्या बोरखडीत गूळभेंडी ज्वारी काय उभी आहे! मान त्यांचा आहे.”

खडतरे म्हणजे मी. हत्तुरेनं मला आपणहून काही दिलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्यामुळं मला लगेच संशय आला, की यात नक्की काहीतरी चांगलं असणार, जे तो मला कळू देत नाही.

मीटिंग सुटल्यावर रावसाहेबांनी मला थांबवून घेतलं.

“खडतरे, तुलाच करावं लागणार. सगळ्या तालुक्यात कागदावर उभी ज्वारी आहे ती तुझ्या एकट्याच्या गावात.”

“होय रावसाहेब.”

“गावाच्या मधलं कुठलंतरी रान बघ. काठाबिठाला नको. आणि ऐक, करंजखेडची फाईल माझ्याकडं आहे. नाव मोकळं सोडलंय. हुरडा चांगला झाला, की तिथंच गाडीच्या बॉनेटवर मॅडमची सही घेतो. तुझं नाव टाकू की हत्तुरेचं, ते तू ठरव.”

करंजखेड! तिथून नवा बायपास जाणार होता. करंजखेडच्या तलाठ्याला बांधावर जावं लागत नव्हतं, बांधच त्याच्या दारात यायचा. आधीच्या तलाठ्यानं तिथं असताना घरावर मजला चढवला होता, आणि त्याच्याकडं बघून लोक म्हणायचे, काय मेहनती माणूस आहे. करंजखेडसाठी मी काहीही करायला तयार होतो. करंजखेड हत्तुरेला मिळू नये, यासाठी तर त्याहून जास्त.

आता सगळ्या तालुक्यात ज्वारी माझ्याच गावात का, तेही सांगतो.

डिसेंबरात एका दुपारी तालुक्याच्या ठिकाणी गारा पडल्या. बसस्टँडवर पडल्या, कचेरीवर पडल्या, आणि एक चांगली लिंबाएवढी गार रावसाहेबांच्या जीपच्या काचेवर पडली. काच फुटली. रावसाहेबांनी ती फुटकी काच बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं की गारपीट भीषण आहे. पंचनाम्याचे आदेश निघाले. पंचनामा म्हणजे खरं तर रानात जाऊन पाच माणसांसमोर नुकसान बघायचं असतं. आमच्याकडं तो चावडीत, चहा पिता पिता व्हायचा. चहा शेतकऱ्यांचा असायचा, आणि चहाबरोबर जे काही यायचं तेही. आठवडाभरात सगळ्या गावांची ज्वारी शंभर टक्के आडवी झाली. रानात ती उभीच होती, वाऱ्यावर मजेत डुलत होती, पण तो तिचा प्रश्न.

माझ्याकडं हत्तुरे स्वतः आला. चावडीत येऊन माझ्या टेबलावर कागद ठेवले.

“खडतरे, तुझं काम हलकं केलं. बोरखडीचा पंचनामा. सगळा लिहून आणलाय. पंचांच्या सह्या तेवढ्या घे.”

“गारा कुठं पडल्या इथं?”

“पडल्या की. रावसाहेबांच्या जीपची काच बघितली नाहीस?”

“जीप कचेरीसमोर उभी होती.”

“मग जीप काय रानात उभी करायची?” तो हसला. “अरे, सगळ्यांनी लिहिलंय. तू एकटा वेगळा कशाला?”

“मी लिहिणार नाही,” मी म्हणालो. “माझ्या गावात एक गार पडलेली नाही.”

हत्तुरेनं कागद गोळा केले, नीट घडी घातली आणि म्हणाला, “मोठा माणूस आहेस बाबा.” आणि गेला.

मोठेपणाचं फळ मला लगेच मिळालं. बोरखडीत मला चहा द्यायचं बंद झालं. ओढ्यापलीकडं पळसवाडीत मदतीचे पैसे आले, आणि तिथल्या लोकांनी हत्तुरेचा सत्कार केला. फेटा बांधून, बैलगाडीतून मिरवून. ती वाजंत्री मला माझ्या चावडीत बसून ऐकू येत होती.

“हत्तुरे वहिनींना पैठणी नेसवली म्हणे,” शालन घरी म्हणाली.

“बरं.”

“मोरपंखी रंगाची.”

“बरं म्हटलं ना.”

“मी काही बोलले का? आपलं सांगितलं. तुम्ही खरं वागलात, मला अभिमान आहे.” आणि तिनं ताटात भाजी अशी आपटली, की त्या अभिमानाचे शिंतोडे माझ्या बनियनवर उडाले.

तर आता माझी पाळी होती. रावसाहेबांनी सांगितलं होतं, गावाच्या मधलं रान बघ. मी सगळा शिवार पालथा घातला आणि ओढ्याच्या काठचं रान पक्कं केलं. तिथं चिंचेची सावली होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, तिथं दिव्याची गाडी येऊन उभी राहिली, की ती पलीकडं पळसवाडीच्या पार वेशीपर्यंत दिसणार होती. ज्या लोकांनी हत्तुरेला बैलगाडीतून मिरवलं, त्यांनी बघावं ना, कलेक्टर कुणाच्या शिवारात जेवतो ते.

हत्तुरे रान बघायला आला आणि त्याचं तोंडच उतरलं.

“इथं नको रे. ओढ्याकाठी चिलटं असतात.”

“थंडीत चिलटं?”

“मग ऊन लागेल.”

“चिंच आहे की एवढी.”

“खडतरे, ऐक माझं. आत कुठंतरी घे. तुझ्याच भल्यासाठी सांगतो.”

त्याचा जळफळाट बघून मला इतकं बरं वाटलं, की मी कणसं भाजायच्या आगटीसाठी खड्डा त्याच्यासमोरच खणायला घेतला. आता कुणी विचारेल, की पलीकडं पळसवाडीची ज्वारी पुरुषभर उंच उभी होती, ती तुम्हाला दिसली नाही का? नाही दिसली. तिकडं बघितलं की मला फक्त हत्तुरे दिसायचा.

हुरड्याच्या दिवशी मॅडम वेळेच्या आधी आल्या. कलेक्टर वेळेच्या आधी येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळं रावसाहेब तेव्हा लेंग्यावर होते आणि चिंचेखाली सतरंजी झटकत होते. मॅडम लहानखुऱ्या होत्या, साधी सुती साडी, पायात सॅंडल. मराठी नवीन शिकलेल्या, पण स्वच्छ. आम्ही एकमेकांशी बोलतो तसं नाही, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं.

“नमस्कार. मला हुरडा या विषयाची फार उत्सुकता आहे,” त्या म्हणाल्या.

आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खोचलेली, वास सुटलेला. भाजलेलं कणीस गरम गरम दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, की हिरवा लुसलुशीत दाणा खाली पडतो. हे काम मी ठेवलं होतं माझ्यासाठी. तीन दिवस घरी सराव केला होता. पहिलं कणीस उचललं, तळव्यात घेतलं, आणि असा चटका बसला की कणीस उडून थेट दह्यात.

“द्या इकडं भाऊसाहेब,” हत्तुरे प्रेमानं म्हणाला, आणि माझ्या जागेवर बसला.

त्याच्या हातांना निखाराही लागत नव्हता. सरसर सरसर दाणे पडत होते. मॅडम खात होत्या. “फारच मधुर आहे. आणि ही काळी चटणी कुणाची?”

“माझ्या घरची, मॅडम. कारळ्याची,” हत्तुरे.

शालननं केलेली शेंगदाण्याची चटणी शेजारीच होती. मी ती वाटी जरा पुढं सरकवली. मॅडमनी ती उचलली आणि कारळ्याची चटणी नीट घेता यावी म्हणून बाजूला ठेवली.

मग मॅडमनी हत्तुरेला गाव विचारलं, मुलं विचारली, ज्वारीच्या जाती विचारल्या. तो सांगत होता, त्या हसत होत्या. रावसाहेब तर करंजखेडची फाईल बगलेत धरून हत्तुरेकडं असे बघत होते, जणू नाव लिहून झालेलंच आहे. शेत मी शोधलं, खड्डा मी खणला, सतरंज्या मी आणल्या, आणि हा मधे बसून राजासारखा कणसं चोळतोय! मला बसवेना.

“मॅडम,” मी एकदम उठून म्हणालो, “हुरडा खाऊन शिवारात चार पावलं चालायची आमच्याकडं पद्धत आहे. चला, मी दाखवतो.”

अशी पद्धत कुठंच नाही. हुरडा खाऊन माणूस तिथंच आडवा होतो. रावसाहेबांनी मॅडमच्या मागून मला हातानं, डोळ्यांनी, शेवटी फाईलनं खुणा केल्या, नको नको. मी म्हटलं, बघा, यांनाही हत्तुरेचाच पुळका.

मी मॅडमना ओढ्याच्या काठानं घेऊन निघालो. मागून सगळे तलाठी, हातात जे होतं ते घेऊन. मॅडमनी पलीकडं बोट दाखवलं.

“त्या उंच मचाणावर कोण आहे?”

“माळा म्हणतात त्याला, मॅडम. पाखरं राखणारी म्हातारी आहे. हातात गोफण आहे. दगड भिरकावून पाखरं उडवतात.”

“मी प्रयत्न करू शकते का?”

मी म्हणालो, “अवश्य.” हत्तुरेनं मागून “मॅडम, पाणी फार गार आहे” म्हणेपर्यंत मॅडमनी सॅंडल काढून हातात घेतल्या आणि ओढा ओलांडला पण. घोट्याएवढं तर पाणी.

म्हातारीचं नाव हौसाबाई. ती माळ्यावरून ओरडली, “कोन गं बया तू ज्वारीत शिरलेली?”

“आजी, मी कलेक्टर आहे.”

“आगं तू व्हय कलेक्टर? येवढीशी? ये वर, ये.”

मॅडम माळ्यावर चढल्या. हौसाबाईनं गोफणीत दगड घालून दिला, हात धरून शिकवलं. “डोक्याभवती फिरीव… अजून जोरात… आता सोड यक दोरी!”

मॅडमनी सोडली. दगड ओढ्यावरून, आमच्या डोक्यांवरून, चिंचेवरून गेला, आणि लांबून खळ्ळकन आवाज आला. रावसाहेबांच्या जीपची नवीन काच. रावसाहेबांनी तिकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ते गोरेमोरे होऊन नुसते पळसवाडीच्या ज्वारीकडं बघत होते, आणि तेव्हा कुठं मीही बघितलं.

मॅडम माळ्यावर उभ्या होत्या. त्यांच्या चहूकडं, नजर पोचेल तिथवर, ज्वारीच ज्वारी.

“आजी, हे गाव कोणतं?”

“पळसवाडी की.”

“पळसवाडी,” मॅडम हळूच म्हणाल्या. “पळसवाडीवर मी मागच्याच महिन्यात सही केली. शंभर टक्के नुकसान.” मग त्यांनी एक कणीस हातात घेऊन बघितलं. मग ओढ्यापलीकडं उभ्या असलेल्या आमच्याकडं बघितलं.

मला तो क्षण आजही आठवतो. गार वारा, गोवऱ्यांचा धूर, आणि हत्तुरेच्या इस्त्रीच्या शर्टाला बगलेत फुटलेला घाम. मला काही करायचंच नव्हतं. म्हातारी आता बोलणार, हत्तुरे संपणार, करंजखेड माझं. लग्नाच्या मांडवात मी इतका खूश नव्हतो. घरी जाऊन शालनला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, पैठणीचा विषय कुठं काढायचा, हे मी मनात लावायला लागलो.

“आजी, इथे गारा पडल्या होत्या का?”

हौसाबाईनं तोंड उघडलं, आणि धप्पकन आवाज झाला. हत्तुरे ओढ्यात उतरला होता. चपलांसकट, पँटीसकट. पलीकडच्या काठावर जाऊन तो हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, त्या माउलीला कशाला विचारता? गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे.”

मी म्हटलं, हे काय आता?

“या गावात एक गार पडलेली नाही, मॅडम. खोटा पंचनामा मी लिहिला. हे हात माझे.” त्यानं हात पुढं केले. ते हुरडा चोळून हिरवे झाले होते, त्यामुळं फारच खरे दिसत होते. “गरीब लोकांचा आग्रह, माझा मोह, पाय घसरला. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.”

अर्ध्या तासापूर्वी यानं माझ्यासमोर सहा कणसं आणि वाटीभर दही संपवलं होतं.

“तुमच्या कचेरीत येऊन सांगायचा धीर होईना. म्हणून म्हटलं, मॅडमना इथं आणू, या ओढ्याच्या काठावर, म्हणजे त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. म्हणून तर हुरडा या रानात ठेवला.”

“हुरडा मी—” मी म्हणालो. पण तेवढ्यात माझ्या बाजूनं अजून एक धप्प झालं. रावसाहेब पाण्यात.

“मीच त्याला म्हटलं होतं, मॅडम!” रावसाहेब धापा टाकत म्हणाले. “माझ्यापाशी येऊन रडला हो. मी म्हटलं, रेवण, मॅडमपासून काही लपवायचं नाही. माझीही सही आहे त्या कागदांवर. मीही दोषी आहे.”

मग काय, बांधच फुटला. एकेक तलाठी पाण्यात उतरायला लागला. “मॅडम, माझ्या गावातपण.” “माझ्या तीन गावांत, मॅडम.” ज्याच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, तो तर हुंदके देत होता. त्याच्या हातात दह्याचं गाडगं तसंच होतं, आणि दर हुंदक्याला थोडं दही ओढ्यात सांडत होतं. माळ्याखाली सगळे रांगेनं हात जोडून उभे राहिले. अलीकडं, कोरड्या जागेवर, मी एकटा.

मॅडमचे डोळे खरंच पाणावले. “मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “चूक सगळेच करतात. कबूल करण्याचं धैर्य क्वचित कुणाकडे असतं. आज मी ते पाहिलं.” मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. “आणि तुम्ही?”

“मी काय, मॅडम?”

“तुम्हाला काही सांगायचं नाही?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आठवून आठवून बघितलं. एवढ्या सगळ्यांकडं काही ना काही होतं. माझ्याकडं काहीच नव्हतं.

“माझा पंचनामा बरोबर आहे, मॅडम,” मी म्हणालो. “मी नुकसान शून्य लिहिलंय.”

“म्हणजे गारा पडल्या नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होय मॅडम.”

“आणि हे पीक तुम्ही रोज बघत होता.”

“होय मॅ… म्हणजे, असं नाही, पण…”

“तुम्ही कुणाला सांगितलं?”

“मॅडम, तो माझा सजा नाही.”

तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे बोलायला नको होतं. मॅडमचा चेहरा एकदम बंद झाला. आणि हत्तुरे, ओल्या पँटीनं, हात जोडलेल्या अवस्थेत, वळून त्यांना म्हणाला, “मॅडम, त्यांच्यावर रागावू नका. माणूस वाईट नाही. भिडस्त आहे जरा.”

करंजखेडच्या फाईलवर बॉनेटवरच सही झाली. काचेचे तुकडे रावसाहेबांनी रुमालानं झटकून जागा केली. मॅडम म्हणाल्या, “बायपासच्या गावात मला असा माणूस हवा, ज्याला स्वतःचा मोह ओळखता येतो.” रावसाहेबांनी हत्तुरेचं नाव इतक्या झरझर लिहिलं, की पेन अडकलं नाही की शाई संपली नाही. माझ्या वेळेला हमखास संपते.

सव्वीस जानेवारीला कचेरीसमोर झेंडावंदन झाल्यावर हत्तुरेला शाल, श्रीफळ आणि प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र दिलं. शालीचं तबक धरायला मी होतो. मला त्याच आठवड्यात कारणे दाखवा नोटीस आली: शेजारच्या सजात अनियमितता दिसत असताना मौन का बाळगलंत? पळसवाडीची मदत सरकारनं परत घेतली आणि त्याचं खापर फुटलं माझ्यावर. हौसाबाई ओढ्यापलीकडून मला बघितलं की गोफण उचलायची. “ह्यानंच आनली ती बाई! आमचा हत्तुरे भाऊसाहेब देवमानूस, ह्यानं त्याला रडवला!”

एक मात्र झालं. बोरखडीत मला पुन्हा चहा मिळायला लागला. सरपंचांनी घरी बोलावून नारळ दिला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आमाला न्हाई मिळालं, जाऊ द्या. पर त्येंचंबी घालवलंत, हे बेस केलंत भाऊसाहेब.” त्यांच्या डोळ्यांत जो आनंद होता, तो मला ओळखीचा वाटला.

हत्तुरे करंजखेडला गेला आणि त्याच्याही घरावर मजला चढला. मग दुसरा. पुढं तो सर्कल ऑफिसर झाला, मग नायब तहसीलदार होऊन रिटायर झाला. आता नव्या तलाठ्यांच्या ट्रेनिंगला त्याचं व्याख्यान असतं, “प्रशासनातील नैतिकता”. एकदा मलाही बोलावलं होतं त्यानं, पहिल्या रांगेत बसवलं. “मित्रहो,” तो म्हणाला, “चूक करणारा एक वेळ परवडला. चूक बघून गप्प बसणारा समाजाला जास्त घातक. आमचे खडतरे इथं बसलेत, मी नाव घेत नाही.” सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

पळसवाडीचं ते ओढ्याकाठचं रान, माळा होता तेच, त्यानं पुढं विकत घेतलं. दर जानेवारीला तिथून पोतंभर कणसं आमच्या घरी पाठवतो, वर कारळ्याच्या चटणीची बरणी. यंदाही आली. शालननं अंगणात शेगडी पेटवली. ती अजून बिनचटक्याची चोळते. मी नुसता खाणारा.

“एक विचारू?” ती म्हणाली. “इतकी वर्षं मनात आहे. सगळा तालुका खोटं लिहीत होता. तुम्ही एकट्यानं नाही म्हटलंत. एवढं धैर्य तुमच्यात आलं कुठून?”

मी निखाऱ्यात अजून एक कणीस खोचलं. आता हिच्यापासून काय लपवायचं?

“अगं, मीही लिहिणारच होतो,” मी म्हणालो. “कागद आणून ठेवले होते. पंचांना निरोप गेला होता. चहासुद्धा ठरला होता. पण त्याच्या आदल्या दिवशी हत्तुरे लिहूनच घेऊन आला. मी उघडून बघितलं, आणि काय ते अक्षर! एकेक ओळ मोत्यांसारखी. बोरखडीचं नुकसान मला या जन्मात तसं लिहिता आलं नसतं. मी म्हटलं, माझ्या गावाचं वाटोळं झालं तर माझ्या हातानं होईल, याच्या हातानं नाही. आणि नकोच म्हणून सांगितलं.”

शालन हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले, गरम हुरड्याची मूठ माझ्या ताटलीत टाकली, त्यावर ती काळी चटणी घातली, आणि स्वतःही एक घास खाल्ला.

“काही म्हणा, पण पलीकडचा आहे गोड.”

“कडू आहे,” मी म्हणालो, आणि ताटली पुन्हा पुढं केली.